पहिल्या घराचा मान

"माझं नाव अनाजी रामा भुवड, राहणार घळवडे," असं म्हणून आमच्या ह्यांनी चुलीवरच्या पातेल्याला हात जोडले.

"पातेलं ओळखतं तुम्हाला," मी म्हटलं. "पुढं चला."

"मी एसटीत कंडक्टर होतो. कंपनीच्या अहवालात लिहिलंय, घळवड्याचा सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, पडीक आहे. बाईसाहेब, आमचा सडा... आमचा सडा..." ते थांबले, कपाळ चोळलं. "पुढं काय गो?"

"आमचा सडा पडीक नाही, तो पाणी धरून बसतो," मी डावानं आमटी ढवळत म्हटलं. "पावसात प्यालेलं पाणी तो उन्हाळ्यात सोडतो, त्यावर खालच्या विहिरी चालतात."

"हां. चालतात." त्यांनी मान डोलावली. "आणि खाडी?"

"खाडीचं तुम्ही म्हणा. सगळं मीच म्हटलं तर तुम्ही काय वांगी चिरायला बसणार?"

ते हसले आणि खरंच विळी ओढून बसले. वांगं चिरता चिरता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या आठवड्यात ते भाषण माझ्या स्वयंपाकघरात इतक्या वेळा झालं, की फोडणीच्या तडतडीबरोबर माझ्या तोंडून आपोआप "बाईसाहेब" निघायचं.

गंमत अशी, की हे भाषण ते करणारच नव्हते. औष्णिक वीज प्रकल्पाची जनसुनावणी आमच्याच गावात, शाळेच्या मैदानावर होती आणि तिला गावातलं कुणीही जाणार नव्हतं. तसा कौल झाला होता.

कौल म्हणजे काय ते घाटावरच्या लोकांसाठी सांगते. आमची ग्रामदेवता नवलाई. गावाला प्रश्न पडला की गुरव तिच्या पाषाणाला उजवीकडे-डावीकडे ओल्या फुलाच्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. मग त्यावर चर्चा नाही.

आता आमच्या गावाला प्रश्न का पडला, तेही सांगते. माझी खानावळ होती, बंदरावर जाणाऱ्या रस्त्याला. प्रकल्पवाले, विरोधवाले, मोजणीवाले, पोलीस, सगळे माझ्याकडेच जेवत, आणि माणूस मला ताटावरून कळतो. कंपनीचा देशमाने घास तोंडात जायच्या आधीच "वा वहिनी!" म्हणायचा. सोलकढी दोनदा घ्यायचा आणि भाकरीची कड टाकायचा. अशा माणसाचं बोलणं मी निम्मं धरते. गावचा मुख्य मानकरी सीताराम गावकर आधी सुरमईचा भाव विचारायचा, मग डाळभात मागायचा. त्याला सगळं हवं असायचं, पण आधी दुसऱ्यानं घेतलेलं बघायचं असायचं. निम्मा गाव सीतारामसारखाच होता. सड्यावरची जमीन कुणी विकली होती, कुणी अडवून धरली होती, कुणी शेजाऱ्याकडे बघत बसला होता. आधीच्या माहितीच्या बैठकीत अधिकारी बाईंसमोरच चुलतभावांनी एकमेकांवर खुर्च्या फेकल्या.

तेव्हा आमचे हे म्हणाले, "देवीला विचारू."

मी घरी म्हटलं, "तिला कशाला मध्ये घालता? तुम्हाला जायचंय तर जा की."

"मी एकटा जाऊन काय? गाव गेला पाहिजे. हे कुंपणावरचे सगळे बांधले जातील बघ. देवी आपली आहे."

तो विश्वास कुठून आला होता ते मला ठाऊक होतं. शिमग्यात नवलाईची पालखी निघते ना, ती नाचवायला पुढच्या दांडीला उजव्या खांद्यावर हेच असायचे. देवळाला सगळ्यांत जवळचं घर आमचं, म्हणून पालखी पहिली आमच्या अंगणात यायची. ढोल वाजला की ह्या माणसाचे गुडघे पोराचे व्हायचे. पालखी अंगात भिनल्यासारखी उसळायची आणि ओटी हातात धरून उभी असलेली मी देवीकडे बघू की नवऱ्याकडे, अशा घोटाळ्यात पडायचे. ज्याच्या खांद्याला ती अशी नाचते, त्याला ती नको म्हणणार नाही, असं त्यांना वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

गाव देवळात जमला. सगळ्या घरांच्या कर्त्या पुरुषांनी नारळावर हात ठेवून शब्द दिला. सीताराम म्हणाला, "आणि कुणी कौल मोडला तर?"

ह्यांनीच उत्तर दिलं. "त्याच्या दारात पालखी येणार नाही."

धाकू गुरवानं पाकळ्या लावल्या. धाकू माझ्याकडे जेवला की न सांगता आपलं ताट विसळून ठेवायचा. त्याच्या हाताबद्दल मला कधी शंका आली नाही, अजूनही नाही. त्यानं गाऱ्हाणं घातलं, "आई नवलाई, सुनावणीला तुझ्या लेकरांनी जावं असेल तर उजवी दे, जाऊ नये असेल तर डावी दे." आम्ही बायका बाहेरच्या पायरीवर होतो. आत कुणी खाकरत नव्हतं. मग धाकूचा आवाज आला, अगदी बारीक. "डावी."

त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा डावी.

हे बाहेर आले ते चपला शोधत राहिले. चपला त्यांच्या समोरच होत्या.

"देवीला काय कळतं विजेतलं?" मी वाटेत म्हटलं.

"असं बोलू नये."

"मग आता?"

"आता काय. शब्द आहे." आणि चार पावलं पुढं गेल्यावर म्हणाले, "तुझी ती चहा-नाश्त्याची ऑर्डर आहे ना, तहसीलची?"

होती. सुनावणीला येणाऱ्या साहेबलोकांच्या चहाची आणि उसळ-पावाची ऑर्डर कौलाच्या आधीच मी घेतली होती. ती सोडावी लागेल म्हणून मी सीतारामला विचारायला गेले, तर तो मिशीत हसला. "शब्द कर्त्या पुरुषांनी दिलाय, वहिनी. चहाला काय कौल लागतो?"

ह्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "घेतलेली ऑर्डर सोडू नये. तोही शब्दच."

आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातलं ते भाषण सुरू झालं. "आता कुणाला ऐकवायचंय?" मी विचारलं. "पाठ असलेलं बरं," ते म्हणाले. मला वाटलं, मनातलं दुःख आहे, बोलून जिरवतायत. म्हणून मी चेष्टा करत राहिले आणि अडले की पुढचं सांगत राहिले.

सुनावणीच्या दिवशी मैदानावर केवढा मंडप! पंखे, कारंज्यासारख्या फवारणीच्या नळ्या, व्हिडिओवाला, पोलिसांची गाडी. मंडपाला लागून रस्त्याच्या तोंडाशी बांबूचं फाटक आणि त्यावर बांधलेला कर्णा, आतलं बाहेर ऐकू जावं म्हणून. खुर्च्या मात्र रिकाम्या. मागच्या रांगांत कंपनीनं बस भरून आणलेले लोक होते. ते कुठले हे त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं, पण टाळ्या वेळच्या वेळी वाजवत होते.

हे फाटकाबाहेर काजूच्या झाडाखाली उभे होते. शब्द मंडपात न जाण्याचा होता, तो त्यांनी फाटकापर्यंत मोजून पाळला.

मी फाटकावरच्या पोलिसांना चहा द्यायला गेले, तेवढ्यात सुनावणी घ्यायला आलेल्या अधिकारी बाई स्वतः तिथवर चालत आल्या. चाळिशीच्या, साध्या साडीतल्या. सकाळी देशमान्यानं त्यांच्यासाठी हॉटेलातून डबा आणला होता, तो बाजूला सारून त्यांनी माझी उसळ खाल्ली होती आणि वाटी पुसून घेतली होती. त्यामुळे माझ्या मनात त्यांचं खातं आधीच जमेला होतं.

"तुम्हीच भुवड ना?" त्या म्हणाल्या. "मागच्या बैठकीत पाण्याबद्दल तुम्हीच बोलला होतात."

"होय, बाईसाहेब."

"मग आत या. इथं बोललेलं मला लिहून घेता येत नाही."

"गावानं देवीला विचारलंय. ती नको म्हणाली."

बाई हसल्या नाहीत, हे मी बघून ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, आत कुणीच बोललं नाही, तर कुणाची हरकत नाही असंच वर जाईल. मला दुसरं काही लिहिता येणार नाही."

"ठाऊक आहे."

"मग?"

"नारळावर हात ठेवलाय, बाईसाहेब. मीच ठेवायला लावला सगळ्यांना."

बाईंनी एकदा रिकाम्या रस्त्याकडे बघितलं आणि त्या परत फिरल्या. हे त्यांच्या पाठीकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या किटलीकडे बघितलं.

"आत ने," ते म्हणाले. "गार होतोय."

मी आत गेले. देशमान्यानं पडद्यावर हिरवीगार चित्रं दाखवली. किती झाडं लावणार, राखेच्या विटा कशा करणार, गावात उजेड कसा पडणार. टाळ्या झाल्या. मग बाईंनी माईक हातात घेतला.

"घळवडे गावातल्या कुणाला काही सांगायचंय?"

पंखे फिरत होते.

"कुणाची काही हरकत?"

मी देशमान्यापुढं कप ठेवत होते. तो खुर्चीत सैल झाला, "वा वहिनी" म्हणाला. चहाला अजून तोंड लावलं नव्हतं.

"शेवटचं विचारते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "कुणाचीच हरकत नाही, असं लिहायचं का?"

मी किटली त्यांच्या टेबलावर ठेवली. कागदावर ओला गोल उमटला, तो पदरानं पुसला आणि समोरच्या माईककडे तोंड करून म्हटलं, "माझं नाव अनाजी रामा भुवड."

मंडप खदखदून हसला. बशीतल्या चहासारखी मी हिंदकळले. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाणा घ्यायची पाळी आली तेव्हा मी पदराआड पुटपुटून वेळ मारून नेली होती. तेव्हापासून त्या दिवसापर्यंत ते नाव माझ्या जिभेवर आलं नव्हतं. आणि आलं ते कर्ण्यातून, माझंच म्हणून. पण भाषण तिथूनच सुरू होत होतं. मला दुसरीकडून येतच नव्हतं.

"राहणार घळवडे," मी म्हटलं. "मी एसटीत कंडक्टर होतो. कंपनीच्या अहवालात लिहिलंय, आमचा सडा पडीक आहे. बाईसाहेब, आमचा सडा पडीक नाही, तो पाणी धरून बसतो."

हसणं हळूहळू थांबलं. मी बोलत गेले. पाऊस आता पूर्वीसारखा झिमझिमत नाही, एकदम कोसळतो आणि निघून जातो. कोसळलेलं धरून ठेवणारा एक सडाच आहे. त्यावर तुम्ही सुरुंग लावणार, काँक्रीट ओतणार, मग त्यानं पाणी धरायचं कशात? इथपर्यंत ह्यांचं होतं. पुढचं माझं मलाच सुचलं. "माझ्या खानावळीत हे सगळे जेवतात. आमटीतलं पाणी सड्याखालच्या विहिरीचं. ह्या देशमानेसाहेबांच्या सोलकढीतलंसुद्धा त्याच विहिरीचं. दोनदा घेतात ते. त्यांना विचारा, पडीक लागते का."

मागच्या रांगेतल्या एकानं चुकून टाळी वाजवली.

देशमाने उठला. "मॅडम, ह्या चहावाल्या बाई आहेत. नाव पुरुषाचं सांगतायत. हे धरता येणार नाही."

"अनाजी भुवड कोण?" बाईंनी मला विचारलं.

"माझे मालक."

"त्यांच्या वतीनं बोलताय, की तुमचं स्वतःचं?"

मी फाटकाकडे बघितलं. तिथून फक्त कर्ण्याची पाठ दिसत होती. बोलणं त्यांचं होतं. एवढा आठवडा ते जपून जपून म्हणत होते, ते मी माझं म्हणून कसं सांगू? दुसऱ्याचं आपल्या नावावर मी कधी लावून घेतलेलं नाही.

"त्यांचंच आहे," मी म्हटलं.

बाईंनी लिहून घेतलं. लिहिताना त्यांनी मान वर केली नाही.

मी रिकामी किटली घेऊन बाहेर आले. ह्यांनी ती माझ्या हातातून घेतली. घरापर्यंत ती त्यांनीच आणली. दारात पाय धुताना ते म्हणाले, "खाडीचा मुद्दा राहिला गो."

एवढंच.

त्या वर्षीच्या शिमग्याआधी देवळात बैठक झाली. ढोल बाहेर काढून ठेवले होते. सीताराम म्हणाला, "अनाजी, सरकारच्या कागदात तुझं नाव आलंय."

"आलंय."

"आम्ही सगळे घरी बसलो. शब्द तुझाच होता."

"माझाच."

पायरीवर बसलेली मी उठले. "बोलले मी! हे फाटकात पाय ठेवायला गेले नाहीत!"

सीतारामनं माझ्याकडे न बघता विचारलं, "अनाजी, तू बोललास की ती?"

ह्यांनी नारळाकडे बघितलं. "ज्याचं नाव घेतलं, त्याचं बोलणं," ते म्हणाले. "पालखी नेऊ नका. दांडीला दुसरा बघा."

धाकू गुरवानं देवीकडे बघितलं आणि मग ह्यांच्या खांद्याकडे.

पुढं काय झालं ते कुणालाही विचारा. एका माणसाची हरकत आली, तिची नोंद घेतली आणि प्रकल्प मंजूर झाला. सड्याला कुंपण पडलं, सुरुंग उडाले, कातळ फुटला. मग म्हणे कोळसा महागला, बँका मागे सरल्या, सरकारचं धोरण फिरलं, आता सूर्यावरची वीज करायची. कंपनी यंत्रं घेऊन निघून गेली. चिमणी आमच्या गावात उभी राहिलीच नाही. सीताराम आजही सांगतो, "देवीला आधीच ठाऊक होतं. म्हणून नको म्हणाली. उगाच भांडत बसला असता गाव." ऐकणारे माना हलवतात आणि हंडा घेऊन टँकरकडे जातात. फुटलेला सडा पाणी धरत नाही. माझी विहीर माघ सरला की तळ दाखवते. खानावळ मी बंद केली, पाण्याशिवाय कोण जेवू घालणार?

हे दर शिमग्याला अंगण सारवून घ्यायचे. रांगोळी मला काढायला लावायचे. नारळ, ओटी, निरांजन, सगळं तयार. मी म्हणायचे, "येणार नाही ती."

"रस्त्यावरून तर जाते. दार काळं नको दिसायला."

देवळातून पालखी निघायची. ढोल वाजत आमच्या कुंपणापर्यंत यायची आणि तिथं धाकू गुरव हात वर करायचा. "थांबा! खांदा बदला!"

देवळापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर. पालखीच्या पोरांनी दमायचं काही कारणच नव्हतं. पहिल्या वर्षी ती गोंधळली, एकमेकांकडे बघू लागली. पण गुरवाचा शब्द, बदलले खांदे. तेवढ्या वेळात पालखी आमच्या दारासमोर जमिनीशी समांतर, गप्प उभी राहायची. हे अंगणाच्या कडेला हात जोडून. पुढं पाऊल टाकायचे नाहीत. मी बघायचे, त्यांचा उजवा खांदा मात्र आपोआप थोडा खाली व्हायचा, ओझं घ्यायला होतो तसा.

"इतक्यात दमली?" पालखी गेल्यावर ते म्हणायचे. "आमच्या वेळी पार खाडीपर्यंत एका खांद्यावर."

धाकूनं ते दर वर्षी केलं. सीताराम त्याला काही बोलू शकला नाही. खांदा कुठं बदलावा यावर कौल झालेला नव्हता.

शेवटच्या शिमग्याला त्यांना उठवत नव्हतं. खाट पडवीत आणली होती. ढोल पुढं गेला, लांब लांब ऐकू यायला लागला. मी पायाशी बसले होते. कितीतरी वर्षं गिळलेलं विचारलं.

"एसटीत तुम्हाला सगळे थांबे, सगळी तिकिटं तोंडपाठ. त्या आठवड्यात तेवढं भाषण कसं विसरत होतात हो?"

ते छपराकडे बघत होते. "तू डाव हातात असला की बरं लक्ष द्यायचीस."

"मला आत पाठवलंत तुम्ही."

"शब्द पुरुषांनी दिला होता." मग म्हणाले, "बायकांना कुणी विचारलं होतं?"

"मग मी माझं नाव सांगितलं असतं तर?"

"तर काय?" ते चटकन म्हणाले. "सीताराम सोडता होय? पालखी तशीही गेलीच असती."

इतक्या चटकन तो माणूस फक्त खोटंच बोलायचा. मी ओटीच्या ताटातला नारळ सरळ करून ठेवला.

मग ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "काजूखाली उभा होतो गो. वरचा कर्णा ओरडला, अनाजी रामा भुवड! मला वाटलं, कोण हाक मारतंय. लग्नापासून पहिल्यांदा घेतलंस. तेही सरकारपुढं."

"आता घेऊ?"

"घे की."

घेतलं. दोनदा. कर्णा नव्हता, त्यामुळे फक्त त्यांनाच ऐकू गेलं.

चैत्रात ते गेले. मला वाटलं होतं गाव येईल न येईल, पण सगळा गाव आला. सीतारामही आला, आणि पालखीवाली पोरं पुढच्या दांडीला उभी राहिली. ताटी उचलली. बायकांनी अंगणाच्या पुढं जायचं नसतं. मी कुंपणाशी उभी राहिले, जिथं ते उभे राहायचे तिथं.

स्मशानाची वाट देवळावरून जाते. हाकेच्या अंतरावर देऊळ. पोरं ताठ खांद्यांनी झपाझप चालली होती, दमायचं काही कारणच नव्हतं. देवळाच्या दारासमोर आल्यावर म्हाताऱ्या धाकूनं हात वर केला.

"थांबा," तो म्हणाला. "खांदा बदला."